सूक्ष्मजीव जागे आहेत की नुसती नावाची पाटी उरली आहे? पेशीबाहेरच्या डीएनएवरून सक्रियता ओळखण्याची पद्धत

चमचाभर माती घ्या, तिच्यातला सगळा डीएनए काढा आणि जिवाणूंची जनुकं मोजा. कोटीच्या घरातला एखादा आकडा मिळेल. पण त्या आकड्यातले किती जण आज खाताहेत, वाढताहेत आणि किती जण केव्हाच मेले आहेत, ते त्यावरून कळत नाही. माणूस घर सोडून गेला तरी दारावरची पाटी राहते, तसा पेशी फुटल्यावरही तिचा डीएनए मातीत राहतो. आपण सरसकट पाट्या मोजतो आणि त्यालाच वस्ती म्हणतो.

ही चूक किरकोळ नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३१ प्रकारच्या जमिनी तपासल्या होत्या. त्यांतला सरासरी ४० टक्के डीएनए पेशीबाहेरचा किंवा फुटक्या पेशींमधला निघाला. संशोधक बरीच वर्षं या डीएनएकडे कचरा म्हणूनच बघत होते: तो काढून टाका आणि उरलेलं मोजा. या लेखातली पद्धत उलट दिशेनं जाते. तो कचरा फेकायचा नाही, वेगळा मोजायचा, आणि पेशीच्या आतल्या डीएनएशी त्याचं गुणोत्तर काढायचं. इन्सब्रुक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये पेशीतला, मोकळा आणि कणांना चिकटलेला असे तीन अंश वेगळे करून त्यांच्या गुणोत्तरांवरून सक्रियता ओळखण्याची पद्धत मांडली. पेशी कामात असताना बनणाऱ्या आरएनएवर आधारित मोजमापाला ती स्वस्त आणि कमी कटकटीचा पर्याय ठरावी, हा त्यामागचा विचार. जिवाणूंचा संदेशवाहक आरएनए काही मिनिटांत तुटून जातो. तो काढताना ज्यांचे हात थरथरले आहेत, त्यांना ही कल्पना का आवडली ते सांगायला नको.

नावाचा एक गोंधळ आधीच मिटवू. ‘ईडीएनए’ हे संक्षिप्त रूप दोन अर्थांनी चालतं. नदीच्या पाण्यातून माशांचा पत्ता काढणारे ते ‘पर्यावरणीय डीएनए’ या अर्थानं वापरतात, बायोफिल्म, म्हणजे जिवाणूंचे चिकट थर, अभ्यासणारे ‘पेशीबाह्य डीएनए’ या अर्थानं. मी इथे पेशीबाहेरच्या डीएनएला बाह्य डीएनए आणि पेशीतल्या डीएनएला अंतर्गत डीएनए म्हणणार आहे.

गुणोत्तर नेमकं काय सांगतं

बाह्य डीएनए मातीत येतो तो मुख्यतः पेशी फुटल्यामुळे. विषाणूंचा हल्ला, पेशी खाणारे एकपेशीय प्राणी, उपासमार, क्षारांचा धक्का अशी फुटण्याची कारणं अनेक. काही जिवाणू तर तो मुद्दामही सोडतात. जातो कुठे? डीएनए तोडणारी विकरं (एन्झाइम) त्याचे तुकडे करतात आणि जिवंत पेशी ते तुकडे खातात. डीएनएमध्ये फॉस्फरस भरपूर असतो, त्यामुळे ही मेजवानी सोडायला कोणी तयार नसतं. २००५ मधल्या एका अभ्यासानुसार खोल समुद्राच्या गाळातल्या जिवाणूंची फॉस्फरसची जवळपास निम्मी दैनंदिन गरज बाह्य डीएनएमधून भागते.

आता वाढीला लागलेला गट डोळ्यांसमोर आणा. पेशी दुप्पट होताहेत म्हणून अंतर्गत डीएनए वाढतो. आजूबाजूला विकरं कामात आहेत म्हणून बाहेर पडलेला डीएनए लगेच संपतो. बाह्य भागिले अंतर्गत हे गुणोत्तर खाली येतं. गट मरणपंथाला लागला की अंतर्गत घटतो, बाह्य वाढतो आणि गुणोत्तर वर चढतं. एवढंच तत्त्व आहे.

साधं आहे म्हणूनच त्याचा गैरवापरही फार होतो. दोन गोष्टी सांभाळल्या तरच या गुणोत्तराला अर्थ राहतो. पहिली, नमुना हाताळताना तुमच्या हातून पेशी फुटता कामा नयेत. दुसरी, तुलना एकाच प्रकारच्या मातीत किंवा गाळात करायची, वेगवेगळ्या मातींमध्ये नाही. पुढच्या बहुतेक सूचना या दोन गोष्टींसाठीच आहेत.

नमुना: फ्रीझरपासून दूर

पर्यावरणाचा नमुना आणला की पहिल्यांदा उणे २० किंवा उणे ८० ला टाकायचा, ही सवय आपल्या अंगात मुरलेली असते. इथे ती मोडावी लागते. गोठताना बर्फाचे स्फटिक पेशींची आवरणं फाडतात आणि नमुना वितळला की अंतर्गत डीएनए बाहेर येतो. नंतर कितीही काळजी घेतली तरी तो परत आत जात नाही. नमुना ४ अंश सेल्सिअसवर ठेवा आणि त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, बाह्य आणि अंतर्गत वेगळे करा. वेगळं केल्यावर मात्र दोन्ही अंश खुशाल गोठवा.

सुरुवातीच्या काळात मी एक पूर्ण मालिका यातच घालवली. निम्मे नमुने ताजे, निम्मे सुट्टी आल्यामुळे गोठवलेले. आलेखावर सुंदर फरक दिसला. दोन आठवडे मी त्या फरकाचा अर्थ लावत बसलो होतो. मग वहीतल्या तारखा बघितल्या आणि लक्षात आलं की तो फरक मातीतला नव्हता, फ्रीझरमधला होता.

माती चाळायची असेल तर ओलसर असतानाच २ मिलिमीटरच्या चाळणीतून हलक्या हातानं काढा. वाळवू नका. वाळणं आणि पुन्हा भिजणं हाही पेशींना धक्काच असतो. एक छोटा भाग वेगळा काढून १०५ अंशांवर कोरडा करा आणि ओलाव्याची टक्केवारी लिहून ठेवा. शेवटच्या गणितात ती लागते.

बफर

डीएनएवर ऋण भार असतो आणि चिकणमातीच्या कणांवरही. मग तो चिकटतो कसा? मधे कॅल्शियम, मॅग्नेशियमसारखे धन भाराचे आयन पूल बांधतात. पीएच बराच खाली, ५ च्याही खाली असेल तर डीएनए थेटही चिकटतो. हा चिकटलेला डीएनए नुसत्या पाण्यानं सुटत नाही. फॉस्फेट आयन त्याच जागांसाठी भांडतात आणि डीएनएला हुसकावून लावतात, म्हणून फॉस्फेट बफर वापरायचा.

प्रमाण असं: डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ०.१२ मोलर, पीएच ८. पाणी नसलेला क्षार घेतला तर लिटरला १७ ग्रॅम. पीएच थोडा वर जातो. तो मोनोसोडियम फॉस्फेटच्या द्रावणानं खाली आणा. मग ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढून ऑटोक्लेव्ह करा. बाटली बर्फात पुरून ठेवू नका. हा क्षार थंडीत फारसा विरघळत नाही, तळाशी स्फटिक धरतात आणि तुमचं ०.१२ कुठल्या कुठे जातं. बफर खोलीच्या तापमानाला ठेवा, वापरण्याआधी थोडा गार करा आणि बाटली उजेडासमोर धरून एकदा बघा.

या टप्प्यावर दोन गोष्टी टाळा: ईडीटीए आणि डिस्टिल्ड पाणी. ईडीटीए ग्राम-निगेटिव्ह जिवाणूंचं बाहेरचं आवरण खिळखिळं करतं. शुद्ध पाण्यात पेशी फुगतात आणि काही फुटतातही. डिटर्जंट तर अर्थातच नको.

तीन अंश वेगळे करणं

मोकळा अंश. २ मिलिलिटरच्या ट्यूबमध्ये ०.५ ग्रॅम ओली माती किंवा गाळ घ्या, त्यावर १ मिलिलिटर ०.८५ टक्के मिठाचं द्रावण घाला. व्होर्टेक्स (जोरात हलवणारं यंत्र) नको. ट्यूब आडवी ठेवून गोल फिरवणाऱ्या यंत्रावर १० मिनिटं हळू फिरवा. मग ५०० जी (गुरुत्वाच्या ५०० पट) वेगानं ४ अंशांवर १० मिनिटं सेंट्रिफ्यूज करा आणि वरचं पाणी नव्या ट्यूबमध्ये घ्या. पिपेटचं टोक तळाच्या थरापासून दोन-तीन मिलिमीटर वरच थांबवा. शेवटचा थेंब ओढण्याच्या मोहात गाळ वर येतो आणि गाळाबरोबर पेशीही. कोरड्या मातीत हा अंश इतका थोडा असतो की बऱ्याचदा मोजण्यासारखा निघत नाही. मग तो सोडून थेट फॉस्फेटकडे जायला हरकत नाही. खतखड्ड्यातला किंवा बायोगॅस टाकीतला गाळ असेल तर मात्र वेगळा काढाच, कारण ताजी पडझड या अंशातच आधी दिसते.

चिकटलेला अंश. त्याच मातीवर १ मिलिलिटर फॉस्फेट बफर, १५ मिनिटं हळू फिरवणं, पुन्हा ५०० जी, १० मिनिटं. हे दोनदा करा. चिकणमाती जास्त असेल तर तीनदा. दरवेळचं वरचं द्रव एकाच ट्यूबमध्ये जमा करा. एका धुण्यात भागत नाही, त्याचं कारण सरळ आहे: मातीच्या कणांमध्ये थोडं द्रव अडकून राहतं, त्यातला बाह्य डीएनए पुढे अंतर्गत म्हणून मोजला जातो आणि गुणोत्तर खोटंच कमी दिसतं.

५०० जी वेगाला माती बसते, पण सगळे जिवाणू बसत नाहीत. वरच्या द्रवात बरेच तरंगत असतात. म्हणून जमा केलेलं द्रव १०,००० जी वेगानं १० मिनिटं पुन्हा फिरवा. तळाशी जो पातळसर थर येतो, तो फेकू नका! त्या जिवंत पेशी आहेत. थोड्या बफरमध्ये उचलून त्या मूळ मातीच्या ट्यूबमध्ये परत टाका. वरचं द्रव ०.२२ मायक्रॉनच्या पॉलीइथरसल्फोन फिल्टरमधून काढा. सेल्युलोज नायट्रेटचा फिल्टर घेऊ नका, तो डीएनए धरून ठेवतो. सिरिंज जोरात दाबू नका. फिल्टर तुंबला तर दाब वाढवण्याऐवजी तो बदला, नाहीतर जाळीवर अडकलेल्या पेशी चिरडून त्यांचा डीएनए गाळलेल्या द्रवात उतरतो.

गाळून झाल्यावर, म्हणजे पेशी उरल्या नाहीत याची खात्री झाल्यावर, त्या द्रवात ईडीटीए घाला, शेवटचं प्रमाण ५ मिलिमोलर. डीएनए तोडणाऱ्या विकरांना मॅग्नेशियम लागतं. ईडीटीए ते पकडून ठेवतं आणि विकरं थांबतात. थोड्या वेळापूर्वी ज्याला दाराबाहेर ठेवलं, त्याचाच आता उपयोग होतो.

अंतर्गत अंश. उरलेल्या मातीवर नेहमीचं माती-डीएनए किट वापरा, मणी घालून ४० सेकंद जोरात हलवणं वगैरे. इथे सावधगिरीची गरज नाही, पेशी फोडायच्याच आहेत.

पांढरी शुभ्र फसवणूक

बाह्य अंश दोन-तीन मिलिलिटर द्रवात पातळ झालेला असतो, त्याला एकवटायला हवं. पहिल्यांदा केलं तेव्हा मी सरळ आयसोप्रोपॅनॉल घालून फिरवलं. ट्यूबच्या तळाशी जाडजूड, पांढराशुभ्र, कापसासारखा पेलेट आला. इतका डीएनए! मी तो धुतला, वाळवला, ५० मायक्रोलिटरमध्ये विरघळवायला घेतला. पाऊण तास झाला तरी विरघळेना. फ्लुरोमीटरवर (डीएनएला चिकटणाऱ्या रंगाची चमक मोजणाऱ्या यंत्रावर) वाचन जवळपास शून्य. तो सगळा फॉस्फेटचा क्षार होता. अल्कोहोल घातलं की तो डीएनएच्या आधी आणि डीएनएपेक्षा हजारो पटींनी जास्त खाली बसतो, आणि पीसीआरलाही, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या क्रियेलाही, अडवतो. खरा डीएनए या प्रमाणात असेल तर पेलेट बहुधा दिसतच नाही. पांढरं आणि भरघोस दिसलं की समजा, काहीतरी बिनसलंय.

उपाय असा: ३० किलोडाल्टनच्या सेंट्रिफ्यूगल गाळणीत द्रव आधी १०० मायक्रोलिटरपर्यंत आणा. दोनदा ट्रिस बफर घालून फॉस्फेट धुऊन काढा, मग सिलिका कॉलमवर शुद्ध करा. कॉलमला बांधताना पीएच ७.५ च्या वर गेला तर डीएनए चिकटत नाही, नुसता आरपार वाहून जातो. काही किटच्या बाइंडिंग बफरमध्ये रंगसूचक असतो. तो पिवळा राहिला पाहिजे. रंग बदलला तर थोडं आम्लधर्मी सोडियम ॲसिटेट घालून पीएच खाली आणा. शेवटी ५० मायक्रोलिटरमध्ये डीएनए उतरवा.

मोजण्यासाठी फ्लुरोमीटरच वापरा. २६० नॅनोमीटरवर प्रकाशशोषण मोजणारं यंत्र ह्युमिक आम्लांनाही (कुजलेल्या पाल्यापाचोळ्यापासून बनलेल्या तपकिरी आम्लांनाही) डीएनए समजतं, आणि फॉस्फेटनं मातीतून डीएनएबरोबर ह्युमिक आम्लंही सुटतात. अर्क चहासारखा तपकिरी दिसत असेल तर त्या यंत्राचा आकडा लिहूनही ठेवू नका, नंतर मोह होतो.

साक्षीदार नमुने

याशिवाय बाकीचं सगळं हवेत आहे, म्हणून थोडं सविस्तर.

पहिला प्रश्न: बाहेर असलेल्या डीएनएपैकी आपल्या हाती किती लागला? यासाठी निसर्गात न आढळणारा, कृत्रिमरीत्या बनवलेला ५०० ते १००० बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) दुपदरी तुकडा मोजून घ्या. एका ट्यूबमध्ये तो सुरुवातीलाच मातीत मिसळा, अर्धा तास थांबा म्हणजे त्याला चिकटायला वेळ मिळेल, आणि मग पूर्ण प्रक्रिया करा. शेवटी त्याच्या किती प्रती परत आल्या ते पाहा. चिकणमातीत हा आकडा बऱ्याचदा निराश करतो. निराश व्हा, पण लिहून ठेवा.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे: आपण स्वतः किती पेशी फोडल्या? एखादं खुणेचं जनुक असलेला प्रयोगशाळेतला जिवाणू वाढीच्या भरात असताना घ्या. तीनदा धुऊन त्याच्या माध्यमातला बाह्य डीएनए काढून टाका आणि अख्ख्या पेशी मातीत मिसळा. लगेच प्रक्रिया करा. खुणेच्या जनुकाचा किती हिस्सा बाह्य अंशात आला, ती तुमची गळती.

गळती २ टक्के निघाली तर बहुतेक जण सुटकेचा निःश्वास टाकतात. थांबा, गणित करा. समजा ग्रॅमला ५० कोटी प्रती पेशींच्या आत आहेत. त्यांचे २ टक्के म्हणजे १ कोटी. आणि बाह्य अंशात तुम्ही पावणेचार कोटी मोजल्या असतील, तर त्यातला चौथा हिस्सा, किंबहुना थोडा जास्तच, तुमच्या हाताचा आहे. अंतर्गत डीएनएचा ढीग मोठा असतो, त्यामुळे त्याची किंचितशी गळतीही बाह्य डीएनएच्या छोट्या ढिगाचा रंग बदलून टाकते. म्हणून व्होर्टेक्स नको, गोठवणं नको, सिरिंजवर जोर नको.

तिसरी तपासणी रोज करायची गरज नाही, पण नवीन प्रकारचा नमुना हाती घेतलात की एकदा करा. गाळणीनं फॉस्फेट आणि ईडीटीए काढून टाकल्यावर आणि कॉलमवर चढवण्याआधी बाह्य अंशाचा एक भाग घ्या, त्यात मॅग्नेशियम आणि डीएनेज विकर घालून ३७ अंशांवर अर्धा तास ठेवा. खरोखर उघडा असलेला डीएनए संपेल. त्यानंतरही जी जनुकं मोजता येतात, ती विषाणूंच्या कवचात, आवरणाच्या फुग्यांत किंवा ०.२२ मधून निसटलेल्या अतिसूक्ष्म पेशींत आहेत. फॉस्फेट पुरतं न काढता यात कॅल्शियम घातलंत तर कॅल्शियम फॉस्फेटची पांढरी धूळ बसेल. त्या पांढऱ्या रंगाशी आपली ओळख आधीच झाली आहे.

शिवाय माती न घालता फक्त बफरवर केलेली कोरी ट्यूब प्रत्येक फेरीत हवीच.

क्यूपीसीआर

क्यूपीसीआर म्हणजे प्रती मोजणारी पीसीआर. एकूण डीएनएचं गुणोत्तर म्हणजे बुरशी, जिवाणू, मुळं, किडे सगळ्यांची मोट. खरी गंमत एकेका गटाचं गुणोत्तर काढण्यात आहे. सगळ्या जिवाणूंसाठी १६एस जनुक, मिथेन बनवणाऱ्यांसाठी एमसीआरए, अमोनियाचं ऑक्सिडीकरण करणाऱ्यांसाठी एएमओए. जिवाणूंमध्ये १६एसच्या प्रती एकीकडे १, तर दुसरीकडे पंधराच्या आसपास असतात आणि एरवी त्या मोजमापात घोळ घालतात. इथे एकाच प्रजातीचं जनुक वर आणि खाली दोन्हीकडे येतं, त्यामुळे हा घोळ बराचसा कटतो.

प्रायमर (कोणता तुकडा वाढवायचा ते ठरवणारी डीएनएची छोटी साखळी) छोट्या तुकड्याचा निवडा, १०० ते २०० बेसचा. बाह्य डीएनए तुटका असतो; ५०० बेसचा तुकडा मागितलात तर तो आहे तरी सापडणार नाही. याचा एक उलटा उपयोगही होतो. एकाच जनुकाचा छोटा आणि लांब तुकडा वेगवेगळे मोजा. लांब तुकडाही चांगला मिळत असेल तर डीएनए नुकताच बाहेर पडलेला असण्याची शक्यता जास्त. फक्त छोटाच मिळत असेल तर तो जुना. खनिजांना चिकटलेला डीएनए किती टिकू शकतो याची कल्पना हवी असेल तर उत्तर ग्रीनलंडमधलं उदाहरण बघा: तिथल्या सुमारे २० लाख वर्षं जुन्या गाळातून मिळालेल्या डीएनएचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. तुमच्या मातीत इतकं जुनं काही नसेल, पण ‘बाहेर आहे म्हणजे कालच मेलेला’ हे गृहीत धरू नका.

बाह्य आणि अंतर्गत अंश एकाच प्लेटवर चालवा. स्टँडर्ड कर्व्हचा (प्रमाण माहीत असलेल्या नमुन्यांवरून काढलेल्या रेषेचा) उतार उणे ३.१ ते उणे ३.६ च्या दरम्यान हवा. दोन्ही अंश १० पट आणि १०० पट पातळ करून बघा. या दोहोंत साधारण ३.३ पीसीआर चक्रांचा फरक पडला पाहिजे. फरक त्याहून कमी आला तर काहीतरी पीसीआरला अडवतंय. आणि हा अडथळा दोन अंशांत सारखा नसतो! फॉस्फेटच्या अर्कात ह्युमिक आम्लं जास्त असतात, म्हणून बाह्य डीएनए खोटाच कमी दिसतो. गुणोत्तरात हा फरक आपोआप कटेल असं समजणं हा या कामातला सगळ्यात महागडा आळस आहे.

आकडेमोड

समजा ०.५ ग्रॅम ओली माती घेतली, ओलावा २० टक्के. म्हणजे कोरडी माती ०.४ ग्रॅम.

अंतर्गत अंश १०० मायक्रोलिटरमध्ये उतरवला. १० पट पातळ करून २ मायक्रोलिटर पीसीआरला घातले आणि ४ लाख प्रती मिळाल्या. ४ लाख गुणिले ५०, कारण १०० मध्ये २ पन्नास वेळा येतात, गुणिले १०, भागिले ०.४. ग्रॅमला ५० कोटी.

बाह्य अंश ५० मायक्रोलिटरमध्ये आहे. तसंच १० पट पातळ करून २ मायक्रोलिटर घातले, ६० हजार प्रती मिळाल्या. गुणिले २५, गुणिले १०, भागिले ०.४. ग्रॅमला ३ कोटी ७५ लाख.

कच्चं गुणोत्तर ०.०७५. पण मिसळलेला कृत्रिम तुकडा निम्माच परत मिळाला असेल तर बाह्य अंश दुप्पट धरायचा: ७ कोटी ५० लाख, गुणोत्तर ०.१५. गळतीही दुरुस्त करायची असेल तर ती या दुप्पटीच्या आधी, मोजलेल्या आकड्यातून वजा करा, कारण खुणेच्या पेशींची गळती तुम्ही त्याच मोजमापातून काढलेली असते. मी दोन्ही आकडे देतो, कच्चा आणि दुरुस्त, म्हणजे वाचणाऱ्याला फरक किती पडला ते दिसतं.

सरासरी काढण्याआधी गुणोत्तराचा लॉग घ्या. ०.१ आणि १० यांची साधी सरासरी पाचच्या वर जाते आणि त्यातून काहीही कळत नाही. जागेवरून वेगवेगळे घेतलेले किमान तीन, शक्य असेल तर पाच नमुने लागतात. एकाच ट्यूबमधला डीएनए तीनदा मोजणं हे पिपेटचं परीक्षण झालं, मातीचं नाही.

वाचायचं कसं

इथे एक सोय आहे आणि ती मला सगळ्यात विश्वासार्ह वाटते. एकाच ट्यूबमधल्या दोन गटांची गुणोत्तरं एकमेकांशी ताडून बघा. चिकटण्यातलं, सुटण्यातलं, कॉलमवरचं नुकसान दोन्ही गटांच्या डीएनएला जवळजवळ सारखंच लागलेलं असतं. बायोगॅसच्या टाकीत सगळ्या जिवाणूंचं गुणोत्तर ०.१५ वर स्थिर आहे, पण एमसीआरएचं आठवड्यात ०.१ वरून ०.६ वर गेलं, तर अर्थ स्पष्ट आहे: बाकीचे तग धरून आहेत, मिथेन बनवणारे ढासळताहेत. एमसीआरएचा एकूण आकडा त्या वेळी फारसा हललेलाही नसेल, कारण मेलेल्यांच्या पाट्या अजून टाकीतच आहेत. गुणोत्तराचा फायदा इथे दिसतो.

मात्र ‘०.३ च्या खाली सक्रिय, वर निष्क्रिय’ अशी सर्वत्र चालणारी रेघ नाही. वाळूत चिकटायला जागा कमी, चिकणमातीत भरपूर. दोन शेतांची गुणोत्तरं शेजारी मांडून एक जिवंत आणि दुसरं मेलेलं ठरवणं म्हणजे मातीच्या पोताचा निकाल जिवाणूंवर लादणं. तुलना करायची ती त्याच जागेची वेळोवेळी.

काही परिस्थितींत गुणोत्तर सरळ दिशाभूल करतं. कोरडी माती एकदम भिजली की श्वसन उसळी घेतं. १९५८ मध्ये बर्च यांनी याचं वर्णन केलं आणि त्याला त्यांचंच नाव मिळालं. त्याच वेळी पाण्याच्या धक्क्यानं पेशी फुटून बाह्य डीएनए वाढू शकतो. म्हणजे सक्रियता वर आणि गुणोत्तरही वर. विषाणूंची साथ आली असेल तर वाढ आणि मरण दोन्ही जोरात चालतात आणि गुणोत्तर पुन्हा चढतं. थंडीत आणि दुष्काळात विकरंच झोपलेली असतात, त्यामुळे महिन्यांपूर्वीचा बाह्य डीएनए तसाच पडून राहतो. बायोफिल्ममध्ये तर डीएनए हा बांधकामाचा माल असतो. स्यूडोमोनास एरुजिनोसाचा कोवळा बायोफिल्म डीएनेजनं विरघळतो, हे २००२ मध्येच दाखवलं गेलं होतं. दगडावरच्या शेवाळलेल्या थरात किंवा नळाच्या आतल्या बुळबुळीत थरात बाह्य डीएनए जास्त निघाला म्हणून तिथे मरण चाललंय असं म्हणता येत नाही. अशा थरांसाठी मी ही पद्धत वापरतच नाही.

पाण्याचे नमुने त्या मानानं सोपे. चिकटलेला अंश जवळपास नसतो, फॉस्फेटची भानगड नाही. ०.२२ च्या फिल्टरवर अंतर्गत, खाली बाह्य. पण अतिसूक्ष्म पेशी आणि विषाणू खाली उतरतात, म्हणून डीएनेजची तपासणी इथे ऐच्छिक नाही. पाणी स्वच्छ असेल तर प्रोपिडियम मोनोअझाइड हाही मार्ग आहे: हा रंग फुटक्या पेशींत शिरतो, प्रकाश पडला की डीएनएला कायमचा जोडला जातो आणि तो डीएनए मग पीसीआरला दिसत नाही. गढूळ नमुन्यात प्रकाश आत पोचत नाही, त्यामुळे मातीसाठी मी त्याच्या नादी लागत नाही.

आधी आपल्याच मातीत ताडून बघा

खऱ्या नमुन्यांना हात लावण्याआधी एक आठवडा यासाठी काढा. एकाच ढिगातली माती तीन बरण्यांत घ्या. एकीत काहीच नाही. दुसरीत ग्रॅमला २ मिलिग्रॅम ग्लुकोज, अगदी थोड्या पाण्यात. तिसरी ६५ अंशांवर दोन तास, झाकण घट्ट लावून, म्हणजे ओलावा उडणार नाही. बाकीच्या दोन्ही बरण्यांत तेवढंच पाणी घाला, नाहीतर भिजण्याचा परिणाम ग्लुकोजच्या नावावर जाईल. ०, २४ आणि ७२ तासांनी गुणोत्तर काढा आणि सोबत कार्बन डायऑक्साइड किंवा डिहायड्रोजनेज (श्वसनाशी जोडलेलं विकर) मोजा.

ग्लुकोजच्या बरणीत श्वसन चढताना जिवाणूंचं गुणोत्तर उतरायला हवं. तापवलेल्या बरणीत ते सुरुवातीलाच चढेल आणि वाचलेले जिवाणू मेलेल्यांवर ताव मारू लागले की हळूहळू खाली येईल. तापवलेल्या बरणीतही काही फरक दिसला नाही तर माती बदलू नका, आधी गळतीची ट्यूब पुन्हा चालवा: बहुतेक वेळा साध्या बरणीतल्या पेशीही तुम्हीच फोडलेल्या असतात.